केबल तुटण्यापूर्वीं

मृगाच्या आधीं घर शाकारून घ्यावें, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. गळूं लागल्यावर कौलें चाळणाऱ्यास कोणी शहाणा म्हणत नाहीं. परंतु ज्या काचतंतूंवर आज आपला बहुतेक व्यवहार अवलंबून आहे, त्यांच्या बाबतींत आपण नेमकें उलट वागतों. केबल टाकण्याचा समारंभ होतो. ती नीट आहे कीं नाहीं हें पाहण्याची आठवण मात्र ती तुटल्यावर होते. केबलवर नजर ठेवणें हें ती टाकण्याइतकेंच महत्त्वाचें काम आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. ऑप्टिकल फायबर हा अतिशुद्ध काचेचा तंतु असून त्याची जाडी अवघी १२५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा आठवा भाग असते. त्यांतून संदेश जातो तो विजेच्या नव्हे, तर प्रकाशाच्या रूपानें. काचेंत प्रकाश विझतो तो मुख्यतः तिच्यांतील अशुद्ध द्रव्यांमुळें, हें चार्ल्स काओ यांनीं १९६६ सालीं दाखवून दिलें; त्यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. एका किलोमीटरनंतर शंभरांतील एक भाग प्रकाश उरावा, एवढीच त्या वेळची अपेक्षा होती. आजच्या उत्तम तंतूंत तेवढाच भाग सुमारें १०० किलोमीटरनंतर उरतो.

आतां हा तंतु जमिनीखालीं कोठें दुखावला, हें वर उभ्या असलेल्या मनुष्यास कसें कळावें? डोंगरांत हांक मारावी आणि प्रतिध्वनि किती वेळानें आला त्यावरून कडा किती दूर तें ताडावें, तशीच ही युक्ति आहे. ओटीडीआर नांवाचें यंत्र तंतूच्या एका टोंकांतून प्रकाशाचा क्षणमात्र झोत सोडतें. वाटेंत जागोजागीं त्यांतील अत्यल्प प्रकाश मागें परततो, व यंत्र त्याचा आलेख काढतें. काचेंत प्रकाशाची गति सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर असते. म्हणून सेकंदाच्या हजाराव्या भागानें परतलेला प्रकाश १०० किलोमीटरवरून आला, हा हिशेब कोणाहि विद्यार्थ्यास करतां येईल. आलेख संथपणें उतरत असेल तर तंतु निरोगी समजावा. मध्येंच पायरी दिसली तर तेथें जोड सदोष आहे किंवा तंतु वांकला आहे. टोंक येण्यापूर्वींच आलेख तळास गेला, तर तेथें तो तुटला आहे. शिवाय १३१० व १५५० नॅनोमीटर अशा दोन तरंगलांबींनीं तपासावें. दुसऱ्या वेळीं पायरी बरीच मोठी दिसली, तर दोष जोडाचा नसून बहुधा वांकण्याचा असतो.

यावर कोणी म्हणेल, “यंत्र आहे ना? मग तुटल्यावर तें लावूं.” हा विचार आम्हांस घातक वाटतो, व त्याचीं कारणें दोन आहेत. कुदळीनें तुटलेली केबल तत्काळ कळते. परंतु पुष्कळ दोष मुकाट्यानें वाढतात. जोडपेटींत पाणी शिरतें, मातीच्या दाबानें केबल वांकते, जोडणीच्या टोंकावर धूळ बसते. प्रकाश क्षीण होत जातो, तरी पलीकडचें यंत्र कांहीं काळ निभावून नेतें. म्हणून तक्रार येत नाहीं, आणि एके दिवशीं सर्वच बंद पडतें. दुसरें असें कीं, यंत्र जें अंतर सांगतें तें तंतूचें, रस्त्याचें नव्हे. केबलचीं वेटोळीं ठिकठिकाणीं राखून ठेवलेलीं असतात. त्यांची नोंद नसेल, तर यंत्रानें अचूक सांगूनहि मजूर भलत्याच जागीं खणतात.

म्हणून पहिल्या दिवसाचा आलेख व वेटोळ्यांचा नकाशा जपून ठेविल्यावांचून केबलचें काम पुरें झालें असें मानूं नये, व पुढील प्रत्येक आलेख त्या पहिल्याशीं ताडून पाहावा. १६२५ किंवा १६५० नॅनोमीटरच्या प्रकाशानें, चालू संदेशांस धक्का न लावतां, रात्रंदिवस ही तपासणी करतां येते. खर्चाची अडचण खरी आहे. प्रत्येक गल्लींत असें यंत्र परवडणार नाहीं. परंतु जेथें एकाच केबलवर तालुक्याचें रुग्णालय, कचेऱ्या आणि शाळा अवलंबून आहेत, तेथें ही काटकसर शेवटीं महागच पडते.

पालकांसहि एक विनंति आहे. विहीर, नळ किंवा कुंपण, कोणत्याहि कामासाठीं रस्त्याकडेला कुदळ घालण्यापूर्वीं खालीं काय आहे याची चौकशी करावी. याच हेतूनें २२ मार्च २०२३ रोजीं केंद्र सरकारनें ‘कॉल बिफोर यू डिग’ हें मोबाइल अॅप सुरू केलें.

विद्यार्थिमित्रांनो, केबलचें उद्घाटन करणाऱ्याचें नांव कोनशिलेवर येतें. तिचा आलेख रोज पाहणाऱ्याचें येत नाहीं. तरी ज्या रात्रीं दवाखान्याचा निरोप वेळेवर पोंचतो, त्या रात्रीं तो या दुसऱ्या मनुष्यामुळेंच पोंचतो. तुमच्यांतील कोणीं हें काम पत्करलें, तर तें कमी प्रतीचें आहे असें त्यास वाटूं देऊं नका.