पोराच्या वाटीत काय आहे, हे सभासदानेही पाहावे



उसाला खताचा हप्ता कधी द्यायचा, बांधणी कधी करायची, हे आपल्यापैकी कुणालाही झोपेतून उठवून विचारा, बिनचूक सांगेल. पण घरातले नातवंड सहा महिन्यांचे झाले, आता त्याला काय खायला द्यायचे, असे विचारले की "ते बायकांचं खातं" म्हणून आपण मोकळे होतो. पावडरीच्या डब्याचे पैसे मात्र आपल्याच खिशातून जातात. म्हणून हे चार शब्द.

पहिले सहा महिने बाळाला आईचेच दूध, वर पाणीसुद्धा नको, ही गोष्ट आता वादाची राहिलेली नाही. काही मातांना आजारपणामुळे वा अन्य कारणाने डॉक्टरांच्या सल्ल्याने डबा आणावा लागतो. त्यात कमीपणा काही नाही. पण डबा ही गरजेची वस्तू आहे, श्रीमंतीची खूण नव्हे. 1992 च्या कायद्याने या पावडरीची जाहिरात करायलाच बंदी आहे. डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्रही छापता येत नाही. आणि डबा महाग म्हणून तो पुरवून पुरवून वापरला, एका मापात दुप्पट पाणी घातले, तर पोराचे पोट फुगते, अंग भरत नाही. माप लिहिलेले असते, तसेच घ्यावे. पाणी उकळलेलेच हवे.

सहा महिने पुरे झाले की नुसते दूध, मग ते आईचे असो वा डब्याचे, बाळाला पुरत नाही. विशेषतः लोह कमी पडू लागते. आपल्या वाडवडिलांनी उष्टावण याच सुमारास ठेवले, ते उगीच नव्हे. पण आपण करतो काय? चांदीची वाटी, पंगत, फोटो. आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बाटली तोंडात! उष्टावण हा एका दिवसाचा समारंभ नाही, ती रोजच्या जेवणाची सुरुवात आहे.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोन-तीनदा करावी. मग वाढवत नेऊन नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा अर्धी वाटी. वर्षानंतर वाटीभर, आणि मधे एखादा खाऊ. पदार्थ घरचेच: नाचणीचे सत्त्व, मूगडाळीची मऊ खिचडी तुपाची धार घालून, कुस्करलेले केळे, शिजवलेला भोपळा, बारीक पालेभाजी, नीट शिजलेले अंडे. वरणाचे पाणी नि भाताची पेज पाजणे सोडा. ताकद डाळीत आहे, वरच्या पाण्यात नाही. घास चमच्यावर टिकेल इतका घट्ट हवा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे मात्र कदापि देऊ नका, घशात अडकतात.

आता दुधाचे. गाईचे, म्हशीचे दूध खिरीत, सत्त्वात थोडे चालते. पण मुख्य दूध म्हणून ते वर्षाच्या आत देऊ नये. त्यात लोह फार थोडे. वर्ष झाले की डबा बंद करायला हरकत नाही. एकदम तोडू नये. रोजचे एक पाजणे डब्याऐवजी तापवलेल्या दुधाचे करावे, चार-सहा दिवसांनी दुसरे. आठ-पंधरा दिवसांत काम होते. दूध पेल्याने पाजावे, बाटली अडगळीत जावी. दिवसाला अर्धा लिटरच्या वर नको, नाहीतर पोर जेवतच नाही आणि पांढरेफटक पडते. आई पाजत असेल तर दोन वर्षांपर्यंत व पुढेही पाजावे. वर्षानंतरची "वाढीची" पावडर म्हणून जे डबे विकतात, त्यांची निरोगी, जेवत्या पोराला गरज नाही.

यापुढचे वाक्य कारखान्याच्या पत्रिकेत काहींना विचित्र वाटेल, पण लिहितो. दिवाळीची सभासद साखर घरी आली तरी बाळाच्या दुधात, खिमटीत ती घालू नका. दोन वर्षांपर्यंत वरून साखर, गूळ, काकवी काही नको. वर्षाच्या आत मधाचे बोटही नको, त्यातून विषबाधा होऊ शकते. चहात बुडवलेले बिस्कीट तर नकोच. चहाने लोह अंगी लागत नाही. आपली साखर खाणारे पुष्कळ आहेत, तान्ह्या पोरावर तिचा खप अवलंबून नाही!

शेवटी एक गोष्ट, जिच्यासाठी खरे म्हणजे हा लेख. हंगामात आपला ऊस तोडायला जो कोयता येतो, त्यात नवऱ्याबरोबर बायको असते, आणि पुष्कळदा तिच्याबरोबर तान्हे मूलही. ती अंधारात फडावर जाते. पोर कोपीत मोठ्या बहिणीच्या कडेवर. बाटलीत काय, पाणी कुठले, कोण पाहतो? 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला अंगणवाडीतून आहाराचा हक्क दिला आहे. ते मूल आपल्या शिवारात असेपर्यंत त्याचे नाव आपल्या अंगणवाडीत पोचवणे, हे आपले काम. शेतकी गटाच्या कर्मचाऱ्यांनी टोळी आली की उसाच्या नोंदीबरोबर ही नोंदही करावी. प्रत्येक मोठ्या अड्ड्यावर उकळलेले पाणी, एक मावशी आणि दुपारची गरम खिचडी एवढा पाळणा कारखान्याने चालवावा.

येत्या वार्षिक सभेत भावाचा प्रश्न तर आपण विचारणारच. त्याबरोबर हाही ठराव कुणीतरी मांडावा. अनुमोदनाला मी उभा आहे.

— एक सभासद