हुंडाबळीचा खटला आणि जामिनाचे माप

विवाहाला दोन-तीन वर्षेही झालेली नसतात आणि सासरहून मुलीच्या मृत्यूची वार्ता येते. पाठोपाठ पती, सासू-सासरे, नणंदा यांना अटक होते. काही महिन्यांनी त्यांतील कोणाला जामीन मिळाला, की माहेरी वाटते न्याय बुडाला आणि सासरी वाटते निर्दोषत्व सिद्ध झाले. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. जामीन म्हणजे निकाल नव्हे; खटला चालेपर्यंत आरोपीने कोठे राहावे, एवढाच तो प्रश्न असतो.

विवाहापासून सात वर्षांच्या आत स्त्रीचा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि त्याच्या नजीकच्या काळात पतीने किंवा त्याच्या नातेवाइकांनी हुंड्यासाठी तिचा छळ केलेला असेल, तर तो हुंडाबळी ठरतो. १९८६ साली भारतीय दंड संहितेत कलम ३०४-ब म्हणून आलेली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८० मध्ये आहे. शिक्षा किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप. गुन्हा अजामीनपात्र आहे; म्हणजे जामीन मिळतच नाही असे नव्हे, तर तो आरोपीचा हक्क नसून न्यायालयाच्या विवेकाचा विषय आहे.

हा विवेक कशावर चालतो? शवविच्छेदन अहवालातील जखमा, मृत्यूपूर्वीचे दूरध्वनी व संदेश, आधीच्या तक्रारी, साक्षीदारांवर दबाव येण्याची शक्यता, तुरुंगात गेलेला काळ हे सारे तपासले जाते. नव्वद दिवसांत आरोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो; त्यात पुराव्याची पारख झालेली नसते.

सर्वांत महत्त्वाची असते प्रत्येकाची स्वतंत्र भूमिका. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात सासू-सासऱ्यांना उच्च न्यायालयाने दिलेला जामीन रद्द केला. विवाहानंतर दोन वर्षांच्या आत मृत्यू, वाहनाची मागणी आणि शरीरावरील जखमा पाहता इतक्या गंभीर गुन्ह्यात यांत्रिकपणे जामीन देणे योग्य नाही, असे न्यायालयाने मानले. त्याच प्रकरणात नणंदांचा जामीन मात्र कायम राहिला, कारण त्यांच्यावरील आरोपांचे स्वरूप तुलनेने सौम्य होते. घर एक असले, तरी खाते प्रत्येकाचे वेगळे. कर्मसिद्धान्त मानणाऱ्या समाजाला हे नव्याने सांगावे लागू नये.

व्यापारी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘आम्ही हुंडा कोठे मागितला? दुकानाच्या भांडवलासाठी थोडी मदत मागितली,’ हा बचाव आता टिकणे कठीण आहे. घरखर्च आणि खतासाठी मागितलेले पैसे हुंडा नव्हेत, असा निर्णय महाराष्ट्रातील एका प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. २०१५ साली त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो चुकीचा ठरवला. विवाहाशी संबंध जोडून मागितलेली रक्कम, तिला कोणतेही नाव दिले, तरी हुंडाच.

न्यायालय कागद पाहते. पै-पैचा हिशेब ठेवणारी माणसे मुलीच्या सासरी पोहोचवलेल्या रकमेची मात्र नोंद ठेवत नाहीत. समाजात बोभाटा नको म्हणून तिची तक्रारही दडपतात. मग जामिनाच्या सुनावणीत छळाचा मागमूस उरत नाही.

परंतु कागद जपणे ही पुढची गोष्ट. ‘मला घेऊन जा,’ असे मुलगी म्हणाली, तर त्याच दिवशी तिला घरी आणावे. अपरिग्रहाचे व्रत सांगणाऱ्या घराने सुनेच्या माहेरच्या तिजोरीवर डोळा ठेवू नये आणि अहिंसा मानणाऱ्या माहेराने प्रतिष्ठेपायी लेकीला परत धाडू नये. तिला घरी परत येता आले, तर जामिनाचा प्रश्नच उद्भवणार नाही.