एका गाळ्यात तीन पाट्या

तालुक्याच्या गावी कचेरीच्या आसपास एका शटरवर तीन पाट्या दिसल्या की समजावं, भाडं एकट्याला झेपत नाही. शहापूर-मुरबाडकडे हे नवं नाही. त्यात समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, जून २०२५मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि जमिनीच्या व्यवहारातल्या मंडळींना बसायला जागा हवी झाली.

समजा, वकील, करसल्लागार आणि जमीनवाला अशा तिघांनी मिळून बारा हजारांचा गाळा घेतला. करार एकच, सह्या तीन. सुरुवातीला सगळं गुण्यागोविंदाने चालतं. मग जमीनवाल्याची माणसं सातबारे पसरून सगळं बाकडं अडवतात आणि रिटर्न भरायला आलेलं गिऱ्हाईक दारात ताटकळतं. एसी त्याच्या केबिनमध्ये, लाईटबिलाचे भाग मात्र तीन. पुढे त्याचा भाचाही टेबल टाकतो. आणि एका महिन्यात चार हजारांचा हिस्सा येतच नाही.

वकीलसाहेब बहुधा कल्याणच्या कोर्टात. म्हणून करसल्लागार मालकाकडे जातो, "काका, याला काढा." काका म्हणतात, "मला पाच तारखेला बारा हजार पाहिजेत. कोण किती देतो ते तुमचं तुम्ही बघा."

उत्तर तुसडं आहे, पण कायद्याला धरून आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम ४३ हेच सांगतं : करारात वेगळं ठरलं नसेल, तर एकत्र कबुली देणाऱ्यांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागता येते. भरणाऱ्याने मग सोबत्यांकडून वाटा वसूल करावा. कायद्यातच तीन हजारांचं उदाहरण आहे. तिघांपैकी एक पूर्ण बुडाला आणि दुसऱ्याने सगळे भरले, तर तिसऱ्याने त्याला दीड हजार द्यायचे. म्हणजे जमीनवाल्याचे चार हजार उरलेल्या दोघांच्या माथी.

ताब्याचंही तेच. कानजी मानजी विरुद्ध मुंबई बंदराचे विश्वस्त या १९६२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संयुक्त भाडेकरूंपैकी एकाला दिलेली नोटीस पुरेशी मानली. एकाला आलेला कागद त्याने खणात टाकून दिला, तरी बाकीच्यांना 'आम्हाला कळलंच नाही' म्हणता येत नाही.

कुलूप बदलायचा मोह मात्र आवरावा. बेकायदा हुसकावलेल्याला विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. भाडं थकवलं त्याने आणि कोर्टात प्रतिवादी कोण, तर नियमाने भरणारा!

त्यापेक्षा मालक तयार असेल तर प्रत्येकाने आपल्या केबिनचा स्वतंत्र लिव्ह अँड लायसन्स करून नोंदवावा. मुद्रांक शुल्क पाव टक्का, त्यात कंजुषी कसली? मालक नाहीच म्हणाला, तर तिघांचा आपसातला लेखी करार हवा : सबमीटर कुणाचा, अनामतीत कुणाचे किती, निघताना किती महिने आधी सांगायचं. भाच्याचंही त्यातच लिहावं.

आणि जमीनवाला स्वतःहून निघाला, तरी जुन्या करारावर बसून राहू नये. कलम ४४ प्रमाणे मालकाने एकाला मोकळं केलं म्हणून बाकीचे सुटत नाहीत. नव्या भाड्याचा, दोघांच्याच नावाचा करार त्याच आठवड्यात करून घ्यावा.