तारीख नसलेला नाताळ

रात्री दीडच्या सुमारास दार वाजते. बाहेर पेटी, ढोलकी, झांजा आणि थंडीने बसलेले पंधरा-वीस गळे. अहमदनगरला (आता अहिल्यानगर, आमच्या तोंडी मात्र नगरच) नाताळच्या आधीच्या रात्रींत आमच्या चर्चची गाणारी मंडळी अशी घरोघर फिरतात. दारात दोन गीते होतात, प्रार्थना होते, चहा-करंजी होते आणि मग वर्गणीची वही निघते. १९९४ च्या डिसेंबरात ती वही आमच्या दारात उघडली आणि वही धरणारे गृहस्थ अडखळले. आमची पावती दरवर्षी 'श्री. व सौ.' अशी फाटत असे. त्यातले 'श्री.' जुलैत घर सोडून गेले होते आणि मागे राहिलेल्या 'सौ.'चे आता काय करायचे, हे त्यांना ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. मराठी भाषेने कुमारिकेची सोय केली आहे, सवाष्णीची केली आहे, विधवेची तर फारच काळजीपूर्वक केली आहे. नवरा हयात आहे पण घरात नाही, अशा बाईपाशी मात्र तिचीही लेखणी थबकते.

"पावती कुणाच्या नावानं फाडू?" त्यांनी खालच्या आवाजात विचारले.

"माझ्या नावानं फाडा." माझ्या पाठीमागून माकडटोपीतले चार वर्षांचे चिरंजीव पुढे आले होते.

ढोलकीवाल्यासकट सगळे हसले. मीही हसले. ती पावती माझ्या बायबलात अजून खूण म्हणून आहे. रुपये पंचवीस फक्त.

घटस्फोटित बाईला बाकीचे दिवस फारसे जड जात नाहीत. नोकरी असते, शाळेचा डबा असतो, दुधाचा हिशेब असतो. जड जातात ते सण, आणि आमच्यात तर सण म्हणजे नाताळच. शुभेच्छापत्रावर पाहा, गव्हाणीत पाहा, आई, बाप आणि बाळ हे त्रिकूट सगळीकडे हजर. त्यातला एक जण कमी असलेले शुभेच्छापत्र छापायचे अजून कुणाला सुचलेले नाही.

त्या काळात ख्रिस्ती माणसाच्या घटस्फोटाला १८६९ चा कायदा लागू होता. नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र नवऱ्याचा व्यभिचार, आणि शिवाय त्याला जोडून क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग असे काहीतरी दाखवावे लागे. म्हणजे एक दुःख चालणार नाही, जोडी आणा! परस्परसंमती हा प्रकार त्या कायद्यात नव्हताच, आणि जिल्हा न्यायालयाने दिलेला हुकूम उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी कायम करावा लागे. माझा नवरा व्यभिचारी नव्हता, मारकुटाही नव्हता. एका पावसाळी सकाळी तो फक्त निघून गेला. कायद्याच्या दृष्टीने ही अगदीच अपुरी तयारी होती. वकिलांनी १९९६ मध्ये अर्ज केला तो नुसत्या विभक्ततेचा. पुढे १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि क्रूरता किंवा त्याग यांपैकी एक कारणही बायकोला पुरेसे मानले. अर्ज दुरुस्त झाला, १९९८ मध्ये मी सुटले. संसदेला त्या कायद्यात दुरुस्ती करायला २००१ साल उजाडावे लागले. आज ख्रिस्ती नवरा-बायकोंना कारणे सारखी आहेत, परस्परसंमतीची वाट आहे आणि तीन न्यायमूर्तींची अट गेली आहे. आजच्या मुलींना हे सांगितले की त्या मी टांग्याच्या गोष्टी सांगते आहे असे ऐकून घेतात.

पण कायद्याने नवरा-बायको वेगळी होतात. सण कसा वेगळा करायचा? दिवाळी निदान चार-पाच दिवसांची असते, वसुबारस तुझी, पाडवा माझा असे जमते. नाताळचा केक कापता येतो, पंचवीस तारीख कापता येत नाही. न्यायालयाने ती कापली. दुपारी बारापर्यंत मुलगा आईकडे, बारानंतर वडिलांकडे. ठिकाण, चर्चचे फाटक. साडेनऊची उपासना लांबली की माझे लक्ष उपदेशापेक्षा घड्याळाकडे. चिरंजीव मात्र खूश, कारण त्यांना दोन ठिकाणी जेवण होते. १९९६ च्या नाताळात त्यांना दोन्हीकडून बॅटच मिळाली. दोन्ही बॅटी भिंतीला टेकवून त्यांनी विचारले, "आणि चेंडू कोण देणार?" हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. म्हणून वकिलांना वगळून मी पहिल्यांदाच मुलाच्या वडिलांना फोन केला आणि चेंडू त्यांनी आणावा असे ठरले. ठरल्याप्रमाणे त्यांनी चेंडू आणला. माझा विश्वास नसल्यामुळे मीही आणला.

पुढच्या वर्षी रविवारच्या शाळेच्या नाटकात चिरंजीवांना योसेफाची भूमिका मिळाली. बाईंना वाटले असावे, बिचाऱ्याला तेवढेच बरे वाटेल. योसेफाला संवाद नाही. हे आमच्या बाईंचे पाप नव्हे. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडचे एकही वाक्य नाही. तो स्वप्ने पाहतो, उठतो आणि सांगितलेले करतो. (असे नवरे पुस्तकातच मिळतात.) सराव करताना मी त्याला मत्तयातली गोष्ट सांगत होते. मरीयेला दिवस गेलेत हे कळल्यावर योसेफ सज्जन होता म्हणून त्याने गाजावाजा न करता तिला सोडून द्यायचे मनात आणले, मग स्वप्नात देवदूत आला वगैरे. चिरंजीव दाढी चिकटवायची थांबले.

"मग त्याला तारीख मिळाली नाही का?"

आमच्या घरात 'तारीख' म्हणजे कोर्टाचीच. सात वर्षांच्या मुलाला त्या शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊक नव्हता. हसत हसत मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथे हसणे टिकले नाही. पण त्या रात्री मत्तयाचा पहिला अध्याय मी पुन्हा काढला. लहानपणापासून पाठ असलेली ती गोष्ट मोडता मोडता राहिलेल्या लग्नापासून सुरू होते, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. त्याआधीची कंटाळवाणी वंशावळ पाहा. तामार, राहाब, रूथ, उरियाची बायको. एकीचेही घर शुभेच्छापत्रावर छापण्याजोगे नाही. आणि येशू बारा वर्षांचा झाल्यावर यरुशलेमेच्या मंदिरात हरवतो, त्या प्रसंगानंतर योसेफ गोष्टीतून जवळजवळ नाहीसाच होतो. क्रुसापाशी उभी दिसते ती एकटी आई.

तरीही १९९९ चा नाताळ आला तेव्हा हे सगळे ज्ञान कामी आले नाही. मुलाच्या वडिलांची बदली मुंबईला झाली होती आणि नव्या व्यवस्थेनुसार एक वर्षाआड नाताळची सगळी सुट्टी त्यांच्याकडे. पंचवीस तारखेला मी एकटी चर्चमध्ये गेले आणि नेहमीचा बाक सोडून अगदी मागे बसले. व्यासपीठावरून सांगण्यात आले की, आज प्रत्येक कुटुंबाने एकत्र पुढे येऊन मेणबत्ती लावावी. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. आडनावांमागून आडनावे पुढे गेली. मागच्या बाकावर आम्ही पाच-सहा बायका उरलो, विधवा, बिनलग्नाच्या, मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सेस. त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या मावशींनी माझा दंड धरला. "चल गं. आपलंही कुटुंबच. जरा पांगलेलं आहे, एवढंच." एक मेणबत्ती आम्ही सहा जणींनी धरली. बारा हातांना धक्का लागून ती विझली, तेव्हा शेजारच्या एका अब्रूदार कुटुंबाकडून पेटवून घेतली.

जेवायला मी मावशींकडे होते. केक मधोमध खचला होता. तो त्यांनी खड्ड्यात जेली ओतून वाढला. बोलता बोलता गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांवर गेली. नगरच्या ख्रिस्ती घरात ती जातेच. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन सुमारे पाच वर्षे नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांत राहिल्या. 'स्मृतिचित्रे'त तो काळ वाचताना आपण हसतो, आणि आपण कशाला हसलो हे पुढच्या पानावर कळते. "पण त्या परत गेल्या," मी म्हटले. "गेल्या," मावशी म्हणाल्या. "तू नको जाऊ. हसायला तेवढं शीक." मग त्यांनी विचारले, मुलगा कधी येणार? मी म्हटले, अठ्ठावीसला, नाताळ संपल्यावर.

"संपल्यावर कसा? बायबलात तारीख कुठं लिहिलीय?"

खरेच लिहिलेली नाही. मत्तयही सांगत नाही, लूकही नाही. पंचवीस डिसेंबर रोमच्या मंडळीत रूढ झालेला दिसतो तो चौथ्या शतकात. आर्मेनियन मंडळी ६ जानेवारीला जन्मोत्सव करते, रशियातली ऑर्थोडॉक्स ७ जानेवारीला. पाच वर्षे तारखांनी जेरीस आणलेल्या बाईला याहून मोठी सुवार्ता कोणती असणार? अठ्ठावीसला चिरंजीव एसटीतून उतरले तेव्हा घरावरची चांदणी तशीच पेटलेली होती आणि गव्हाणीतला बाळ मी मुद्दाम ठेवायचा राहू दिला होता. तो त्यांनी ठेवला. शेजारच्या काकू फराळाचे ताट परत करायला आल्या नि म्हणाल्या, "तुमचं अजून चालूच आहे का?"

मुलाच्या ताब्यावरून आजही जी मंडळी कोर्टाच्या पायऱ्या चढतात, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की, भांडायचे तर शाळेच्या फीवरून भांडा, आजारपणात रात्री कोण जागणार यावरून भांडा. सणाच्या तारखेवरून भांडू नका. मुलाला तारीख लागत नाही, गडबडीत नसलेली आई लागते, किंवा बाप. आणि आमच्या चर्चच्या मंडळींना विनंती की, पुढच्या वेळी 'प्रत्येक कुटुंबाने' म्हणण्याऐवजी 'प्रत्येक बाकाने' म्हणावे. बाक मोजायलाही सोपे.

चिरंजीव आता पस्तिशीला आले, पुण्याला असतात, लग्न झाले आहे. गेल्या आठवड्यात फोन आला. "आई, यंदा पंचवीसला सासूबाईंकडे, सव्वीसला बाबांकडे. आपला अठ्ठावीसलाच ना?" तेव्हा केकचा डबा मी सत्तावीसला सकाळी बेकरीत नेऊन देईन. नाताळच्या आधी तिथे भट्टीपुढे डब्यांची रांग लागते, आपला केक दुसऱ्याच्या घरी जातो, दुसऱ्याचा जळका आपल्या. सत्तावीसला भट्टी मोकळी असते.