पडद्यावर जागा आहे, मग मराठी का नाही?

परवा बेळगावात एका सरकारी दवाखान्यात गेलो होतो. नवा डिजिटल फलक झगमगत होता आणि शेजारची आजी मला विचारत होती, "काय लिवलंय रे बाळा तिथं?"

जागा नाही, ही सबब पत्र्याच्या पाटीची. पडद्यावरचा मजकूर दर काही सेकंदांनी बदलतो. कन्नडनंतर मराठी आली म्हणून कन्नडची जागा जात नाही. जिल्ह्यात १५ टक्के लोकांची भाषा असेल, तर महत्त्वाच्या सूचना तिच्यातही द्याव्यात, असं भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षण योजनेतच आहे.

म्हणून मागणी खरेदीआधीच करूया. जोडाक्षरं नीट उमटतात का, भाषा आळीपाळीनं फिरते का, मराठी मजकूर कोण भरणार, हे टेंडरच्या अटींत आलं पाहिजे. पडदा एकदा भिंतीवर चढला, की आपल्या हाती फक्त अर्ज उरतात.