कुमारांच्या शोकाला वयाची अट

कुमारवयीनांच्या साहित्यावरील एका चर्चासत्रात अलीकडेच एक ज्येष्ठ वक्ते म्हणाले, की मृत्यू आणि नास्तिक्य हे या वयाचे विषयच नव्हेत. मुलांच्या हाती श्रद्धा दृढ करणारे वाङ्मय द्यावे. टाळ्या पडल्या, आणि त्यांत आम्हा प्राध्यापक मंडळींच्याच अधिक होत्या. म्हणून हा लेखनप्रपंच.

कॅथरीन पॅटरसन ही चीनमध्ये जन्मलेली, मिशनरी आईवडिलांची मुलगी. तिच्या मुलाची मैत्रीण १९७४ साली वीज पडून गेली. त्या दुःखातून 'ब्रिज टू टेराबिथिया' ही कादंबरी (१९७७) आली. तीत गरीब घरचा जेस आपल्या मैत्रिणीला, लेस्लीला, ईस्टरला चर्चमध्ये नेतो. लेस्लीच्या घरी धर्माचरण नाही; जेसच्या घरची समजूत अशी, की बायबल न मानणारा नरकात जातो. पुढे लेस्ली ओढ्यात मरण पावते आणि जेसला प्रश्न पडतो : ती नरकात गेली असेल का? हा प्रश्न एका श्रद्धावान लेखिकेने दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या मनात ठेवला आहे, एखाद्या पाखंड्याने नव्हे. अमेरिकेतही या पुस्तकावर पालकांनी वारंवार आक्षेप घेतले. पण १९७८चे न्यूबेरी पदक त्यालाच मिळालेले होते.

आणि आपण? 'श्यामची आई'त कर्जाने घर मोडते, आई मरते. आम्ही त्यातून संस्कारांचे धडे तेवढे वेचून घेतले. 'कोसला' (१९६३) तर नेमाड्यांनी पंचविशीत लिहिली. तीत धाकटी बहीण मनी देवी येऊन मरते. ज्या भाषेत रोगाचेच नाव देवी, त्या भाषेत या मृत्यूचा जाब मागायचा कोणाकडे? नायकाचे नाव पांडुरंग असावे, हेही काही कमी नाही. मात्र आम्ही ती एम.ए.ला लावली आणि तिच्यावर अस्तित्ववादाच्या टिपा लिहून घेतल्या. मनीच्या मृत्यूवर प्रश्न मी स्वतःही कधी काढलेला नाही, हे इथे कबूल केलेले बरे.

मागे प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा भाऊ गेला. महिन्याभराने तिने ग्रंथालयात 'कोसला' मागितली. पुस्तक पदव्युत्तर विभागाच्या कपाटात होते. तुम्हांला मिळणार नाही, असे तिला सांगण्यात आले. मी माझी प्रत दिली. ती अद्याप परत आलेली नाही, आणि मी मागणारही नाही.