यंत्राची निवड आणि आपली आवड

१ एप्रिल १९५५ रोजी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायणा’चे प्रसारण सुरू झाले, तेव्हा ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या नव्या गीतासाठी श्रोत्यांना आठवडाभर थांबावे लागे. छप्पन्न गीते पूर्ण होण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. आज ती सर्व गीते रायपुरात बसून, बोटाच्या एका स्पर्शाने ऐकता येतात. एवढेच नव्हे, तर ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून पुढील गीतही भ्रमणध्वनीच सुचवतो.

ही सोय निःसंशय आनंददायी आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीबरोबर छत्तीसगडात मराठी माणसे आली. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून कार्यरत आहे. मुलुखापासून दूर राहणाऱ्या अशा कुटुंबांना नाट्यपदे, भावगीते, अभंग हवे तेव्हा लाभावेत, हे भाग्यच म्हणावयाचे.

तथापि, या यादीमागील गणित जाणून घेणे हिताचे आहे. आपण कोणते गाणे शेवटपर्यंत ऐकले, कोणते मध्येच सोडले, कोणते पुन्हा लावले, याची नोंद यंत्र ठेवते. समान आवडीच्या इतर श्रोत्यांशी तिची तुलना करून ते अंदाज बांधते. म्हणजे ही यादी हा एक आरसाच आहे. समोर जे नाही, ते तो दाखवणार नाही.

रायपूरच्या मराठी घरात याचा परिणाम लवकर जाणवतो. शाळा, बाजार, कार्यालय यांचा व्यवहार हिंदीत चालतो. नातवाने मराठी गाणे कधी मागितलेच नाही, तर ते त्याला सहसा सुचवलेही जात नाही. दुसरीकडे, केवळ भावगीतांत रमलेल्या आजोबांच्या यादीत तीजनबाईंची पंडवानी येत नाही, मग त्यांचा जन्म याच मातीत का गेला असेना! रेडिओवर न मागितलेलेही कानी पडे आणि घरातील सर्वांच्या कानी पडे. आज प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र गाणे आहे आणि एका छताखाली राहूनही एकाचे गाणे दुसऱ्यास ठाऊक नाही.

यावर उपाय भ्रमणध्वनी दूर सारण्याचा नाही; निवडीचा अधिकार आपल्या हाती ठेवण्याचा आहे. भाषेच्या पर्यायांत मराठीबरोबर छत्तीसगढीचीही नोंद करावी. अपरिचित गायकाचे नाव आवर्जून शोधावे. आठवड्यातून एक संध्याकाळ कानातील यंत्रे बाजूस ठेवून सर्वांची एकत्र यादी लावावी. त्यात एक गाणे आजीचे असावे, तर एक नातीचे.

बँकेच्या खात्यात जे जमा होते, तेच वाढते. गाण्यांच्या या खात्याचेही तसेच आहे. तेथे मराठीची भर आपण घातली नाही, तर पुढील पिढीच्या वाट्याला मराठी गाण्याची शिल्लक कोठून येणार?